एटापल्लीत काय खावं : एका लेखाची दुरुस्ती

पुण्यात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत असताना आमच्या वार्षिकांकात माझा एक लेख छापून आला होता, 'एटापल्लीत काय खावं' या नावाचा. क्षेत्रकार्यासाठी मी गडचिरोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी राहिलो होतो आणि फावल्या वेळात तिथली हॉटेलं, टपऱ्या, खानावळी पालथ्या घातल्या होत्या. लेखाचं कौतुक झालं. त्यात एक वाक्य होतं : 'इथल्या स्थानिक लोकांमध्ये बाहेर खाण्याची संस्कृतीच नाही, मार्च-एप्रिलमध्ये तर हॉटेलं ओस पडलेली असतात.' हे वाक्य चुकीचं आहे आणि ज्या माणसांनी मला पोटभर वाढलं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. वार्षिकांक एकदा निघाला की निघाला, त्यात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून ती इथे करतो आहे.

एटापल्लीला पोचण्यात अख्खा दिवस जातो. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे लागते ती उत्तरेच्या टोकाला, वडसा-देसाईगंजला. तिथून पुढे एसटी. चामोर्शी, आष्टी मागे पडतात, आलापल्ली येते, आणि आलापल्लीहून सागवानाच्या जंगलातून तीसेक किलोमीटर गेलं की एटापल्ली. १९८२ साली चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्यातला हा छत्तीसगडच्या हद्दीला टेकलेला तालुका. सगळा मुलूख माडिया गोंडांचा. गावात तहसील आहे, पंचायत समिती, बँक, ग्रामीण रुग्णालय, महाविद्यालय, आदिवासी मुलामुलींची वसतिगृहं आहेत. जिथे कचेऱ्या तिथे चहा, आणि जिथे चहा तिथे नाश्ता, हे ओघानेच आलं. त्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या रस्त्यावरून धावू लागल्यापासून चालक आणि मजुरांची भर पडली आहे.

मी सांगलीकडचा. गावात उतरल्या उतरल्या मी शोधायला लागलो ते बसून वाचता येईल, लॅपटॉप उघडता येईल, कॉफी मिळेल असं ठिकाण. ते मिळालं नाही म्हणून माझ्या मनाने पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला की इथे काही नाही. मग एक वही केली. त्यात रकाने आखले : नाव, स्वच्छता, चव, भाव, बसायची सोय, मोबाइलची रेंज. प्रत्येक ठिकाणाला दहापैकी गुण. आज ती वही चाळताना जाणवतं की तिथे कोण बसलं आहे आणि कोण बाहेर उभं राहून खातं आहे, याचा रकाना मी आखलाच नव्हता.

खरं म्हणजे डोळ्यांसमोरच होतं सगळं. सकाळी मुख्य रस्त्यावरच्या एका टपरीवर मी आलूबोंडा खायला जायचो. आमच्याकडच्या वड्यापेक्षा हा मोठा, बेसनाचं आवरण जाड, आतल्या बटाट्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. मावशी तो कढईतून काढून स्टीलच्या प्लेटमध्ये ठेवायची, पळीच्या पाठीने दाबून फोडायची, वरून चण्याची पातळ तर्री ओतायची आणि मूठभर कच्चा कांदा पसरायची. हे सगळं इतक्या झटपट चालायचं की तर्री प्लेटच्या काठाला येऊन थांबायची, सांडायची नाही. बाकावर आम्ही बसलेलो असायचो : शिक्षक, लिपिक, कुणी कंत्राटदार, कुणी माझ्यासारखा बाहेरून आलेला विद्यार्थी. खेड्यातून कामासाठी आलेला माडिया माणूस मात्र टपरीच्या कडेला उभा राहायचा, पैसे पुढे करायचा, कागदात बांधलेली भजी घ्यायचा आणि रस्त्यापलीकडच्या झाडाखाली जाऊन आपल्या माणसांबरोबर खायचा. त्याला कुणी बसू नको म्हणत नव्हतं. मावशीची बोलण्याची रीतही सगळ्यांशी सारखीच. पण आम्ही बाक भरून टाकायचो आणि सरकायचो नाही. मीही सरकलो नाही. वहीत त्या टपरीला 'बसायची सोय'साठी चांगले गुण दिले होते.

एकदा मी मावशीला विचारलं, 'मावशी, तुमच्याकडे इथलं काही मिळत नाही का? म्हणजे इथलं पारंपरिक?' ती म्हणाली, 'इथलंच हाय न सर सारं. मी इथलीच, तेल इथलं, लाकडं इथली.' ती चामोर्शीकडून लग्न होऊन आलेली, पोरं एटापल्लीच्याच शाळेत वाढलेली. मी ते उत्तर वहीत घेतलं नाही. माझ्या डोक्यात 'इथलं' म्हणजे काय ते आधीच ठरलेलं होतं, तिच्या उत्तराला त्यात जागा नव्हती.

महाविद्यालयातला एक माडिया मुलगा माझा मित्र झाला होता. कसनसूरच्या रस्त्याला आत त्याचं गाव, राहायला सरकारी वसतिगृहात. त्याला मी वरचेवर चहा-नाश्त्याला ओढून न्यायचो आणि पैसे मीच द्यायचो. तो संकोचायचा, मी ऐकायचो नाही. सतत दुसऱ्याच्या पैशाने खाणं स्वाभिमानी माणसाला किती जड जातं, हे मला त्या वयात कळायला हवं होतं. त्याने त्याच्या परीने परतफेड केली. घरून येताना पानांच्या द्रोणात बांधून लाल मुंग्यांची चटणी आणली. मुंग्या आणि त्यांची अंडी, मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटलेली. आंबट, झणझणीत, लिंबापेक्षा वेगळ्याच आंबटपणाची.

मी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली. मग द्रोण टेबलावर ठेवून फोटो काढला आणि मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. वर लिहिलं, 'हिंमत असेल तर खा.' पुण्याच्या मित्रांचे हसरे चेहरे धडाधड आले. उरलेली चटणी मी खाल्ली नाही, दुसऱ्या दिवशी टाकून दिली. त्याच्याकडे माझा नंबर होता, स्टेटस त्यालाही दिसणार, हे माझ्या मनात आलंच नाही. की आलं होतं आणि मी पर्वा केली नाही? प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरं खरं असावं असं मला वाटतं.

तो बरेच दिवस माझ्याकडे फिरकला नाही. शेवटी बसथांब्यावर गाठ पडली तेव्हा म्हणाला, 'दादा, तुमी खाल्लं नाही, त्याचं काही नाही. सगळ्याले चालते असं नाही. पन फोटो कायले टाकला?' मग थोडं थांबून म्हणाला, 'लहान भावानं झाडावर चढून घरटं काढलं होतं. मुंग्या लय चावते. तुमच्यासाठी म्हनून काढलं होतं.'

मी माफी मागितली. त्याने हात हलवून विषय बंद केला. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच लाल मुंग्यांच्या चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्या त्या स्टेटसवर हसलेल्यांपैकी काहींनी ती बातमी मला मोठ्या कौतुकाने पाठवली. सरकारी शिक्का बसल्यावर पदार्थाला मान मिळतो. ज्याच्या भावाच्या हातांना मुंग्या चावल्या, त्याला तो मान आधीच द्यायचं माझ्या हातात होतं.

आता त्या वाक्याकडे येतो. हॉटेलं ओस पडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मार्चच्या मध्यापासून सकाळी बाक रिकामे. मी त्यावरून निष्कर्ष काढला आणि एप्रिलच्या अखेरीस लेख लिहून पुण्याला पाठवून दिला. पाठवल्यानंतर, केवळ बोलायचं म्हणून, मावशीला म्हणालो की हल्ली गिऱ्हाईक दिसत नाही. ती म्हणाली, 'सारे जंगलात हायेत न. मोह वेचाले. तेंदू होऊ द्या, मग या. बसाले जागा नाही भेटनार.'

मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ करून ठेवतात, काही जण जाळून, आणि उजाडायच्या आत अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतं. कुठलं झाड कुठल्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. ऊन चढेपर्यंत वेचणं, मग अंगणात वाळवणं. वाळलेलं मोहफूल भाकरीत जातं, लाडवात जातं, विकलं जातं, आणि त्याची दारूही होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोह मात्र या लोकांच्या घरात अन्नही आहे आणि देवाचाही आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता. जंगलावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि त्याआधी १९९६ च्या पेसा कायद्याने मान्य झाल्यानंतर या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपल्या तेंदूचा लिलाव स्वतः करतात. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी तो एक. हे सगळं मी वर्गात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. गावकऱ्यांच्या मुलाखतीत मोहाबद्दल प्रश्नही विचारत होतो. फक्त त्या मोहाचा आणि माझ्यासमोरच्या रिकाम्या बाकाचा संबंध मला जोडता आला नाही.

मावशीने गल्ल्याखालून एक जाड वही काढून दाखवली. उधारीची. पानापानावर गावांची नावं, त्याखाली माणसांची. काही हिशेब मागच्या पावसाळ्यापासूनचे. 'तेंदूचे पैसे आले का देते,' ती म्हणाली. 'बुडवत नाही का कुणी?' मी विचारलं. 'साहेब लोक बुडवते. बदली झाली का गेले.' एवढं बोलून ती कढईकडे वळली.

आणि तेंदूचे पैसे हातात आल्यावर, जूनच्या सुरुवातीला, मी ती गर्दी पाहिली. नवी लुगडी, छत्र्या, बियाणं घ्यायला आलेली कुटुंबंच्या कुटुंबं. भज्यांच्या कढईभोवती पोरं दाटीवाटीने उभी. मावशी म्हणाली होती तसंच, बसायला जागा नव्हती. लेख त्या वेळी छापायला गेलेला नव्हता. संपादक मंडळाला एक फोन केला असता तर ते वाक्य काढता आलं असतं. मी फोन केला नाही. लेख त्यांना आवडला होता, शीर्षकाचीही तारीफ झाली होती, आणि एक वाक्य काढलं तर लेखाचा कणाच मोडणार होता, हे मला ठाऊक होतं. या सगळ्यातली माझी सर्वांत मोठी चूक हीच. बाकीच्या चुका न कळल्यामुळे झाल्या, ही कळून केलेली आहे.

मध्ये एक वेगळीच चूक घडली, तीही सांगायला हवी. चटणीच्या प्रकरणानंतर मला अपराधी वाटत होतं आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. इथलं जंगलातलं अन्न तेवढं खरं, हॉटेलातलं सगळं बाहेरून आलेलं आणि वाईट, असं मी जो भेटेल त्याला सांगू लागलो. मित्राने मनात काही ठेवलं नव्हतं. मे महिन्यात तो मला गावी घेऊन गेला. निघताना बाजारातून काही खाऊ घ्यावा असं मनात आलं होतं, पण मी मुद्दाम घेतला नाही. आपण नेलेल्या मिठाईने त्यांच्या सवयी बिघडायला नकोत, असा माझा विचार होता.

अंगणात पोचलो तशी चार-पाच पोरं माझ्या पिशवीभोवती जमली. मित्राच्या आईने माडियात काहीतरी विचारलं. तो जरा अवघडून म्हणाला, 'आई विचारते, बाजारातून काय आनलं?' पिशवीत माझी वही आणि टॉवेल होता. बाजाराच्या गावाहून येणाऱ्या माणसाने पोरांच्या हातावर काही ठेवायचं, ही रीत माझ्या घरीही आहे. सांगलीहून माझा मामा यायचा तेव्हा मीही त्याच्या पिशवीभोवती असाच घोटाळायचो. हे सगळं विसरून मी त्या पोरांच्या आरोग्याचा निर्णय परस्पर घेऊन बसलो होतो.

त्यांनी मला जेवू घातलं : पानावर भात, अंबाडीची भाजी, सुकी मासळी, आणि आधी तहानेला तुंब्यातली आंबील. मी प्रत्येक घासाला तारीफ करत होतो. तुमचं जेवणच खरं, तुम्ही बाजारात जाऊन भजी-जिलेबी कशाला खाता, असंही बोलून गेलो. मित्राने ते आईला सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने जे उत्तर दिलं ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं : 'आम्ही रोज आंबील पितो. बाजारात जाऊन पन तेच प्यायचं काय?'

त्या बाईंना जिलेबी आवडते. आठवडी बाजाराला त्या पायी येतात, चारोळी, डिंक, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते, जे काही असेल ते विकतात, मीठ, मिरची, तेल घेतात, आणि घरी निघायच्या आधी कागदावर गरम जिलेबी घेऊन ओळखीच्या बायकांबरोबर झाडाखाली बसून खातात. वेगवेगळ्या गावांना दिलेल्या बहिणी तिथे भेटतात, लग्नं तिथे ठरतात, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते तिथे कळतं. बाहेर जाऊन, आपल्या माणसांबरोबर बसून, रोज मिळत नाही ते खाणं याला आपण शहरात ज्या नावाने ओळखतो तेच हे आहे. ते बाकावर बसून झालं नाही म्हणून मी ते नाहीच असं लिहून मोकळा झालो होतो.

बाजाराबद्दल आणखी एक. एका म्हाताऱ्या बाईकडे चारोळीचा भाव मी पाडून मागितला होता आणि तिने तो देऊनही टाकला. पुढे जुन्या लोकांकडून ऐकलं की एके काळी व्यापारी या भागात मिठाच्या बदल्यात चारोळी नेत असत. मीठ देऊन सुकामेवा. चारोळी काढायला किती खटाटोप आहे हे मित्राच्या अंगणात पाहिलं : फळं भिजवायची, साल चोळून काढायची, बिया वाळवायच्या, मग जात्यावर हलक्या हाताने भरडून आतला दाणा सबंध काढायचा. पुण्यात तीच चारोळी मी बासुंदीवर विचार न करता खाल्ली आहे.

खर्ऱ्याचंही लपवत नाही. चहाच्या टपरीला लागून खर्ऱ्याची टपरी असतेच. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पोरगा तो घोटून देतो आणि मग पुडी हातोहात फिरते. लोकांशी जवळीक साधायची म्हणून मी ती घ्यायला लागलो. मी घेतो म्हटल्यावर वसतिगृहातली माझ्यापेक्षा लहान मुलं माझ्यादेखत बिनधास्त घेऊ लागली. याच जिल्ह्यात 'मुक्तिपथ'चे कार्यकर्ते गावोगाव फिरून दारू आणि तंबाखू सोडवायला धडपडत असतात. समाजकार्याचा विद्यार्थी म्हणून मी नेमका उलट्या बाजूला उभा होतो. जवळीक त्याने वाढली नाही. लोक माझ्याशी मोकळेपणी बोलू लागले ते मी बाकावरून उठून झाडाखाली बसायला लागलो तेव्हा.

एटापल्लीचं खाणं एका लेखात मावणारं नाही. तिथे तेलंगणाकडच्या चवीची इडली मिळते, बंगाली हातचा रसगुल्ला मिळतो, कारण फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती चामोर्शी-मुलचेरा भागात आहेत आणि दक्षिणेला अहेरी-सिरोंच्याकडे तेलुगू घरोघरी आहे. मावशीचा आलूबोंडा आहे, तो मी आजही महाराष्ट्रातल्या उत्तम नाश्त्यांमध्ये धरतो. आणि उन्हातून चालून आल्यावर मिळालेली आंबील आहे. यातलं कुठलंही एक 'खरं' आणि दुसरं 'खोटं' ठरवायचा अधिकार मला नव्हता.

मित्र पुढे पदवीधर झाला. लेख त्याने वाचला आहे. 'भाषा चांगली आहे दादा,' एवढंच तो म्हणाला.

क्षेत्रकार्यासाठी किंवा नुसतं फिरायला जे एटापल्ली-भामरागडकडे जातील त्यांना माझं सांगणं आहे. आठवडी बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी सकाळीच पोचा. विकणाऱ्याने सांगितलेला भाव द्या. टपरीवर खेड्यातलं कुणी उभं दिसलं तर बाकावर सरकून जागा करा. माणसाचा, ताटाचा, द्रोणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढलाच तर ज्याने वाढलं त्याला दाखवता येईल एवढंच त्याखाली लिहा. कुणाच्या घरी जाणार असाल तर पोरांसाठी बाजारातून जिलेबी न्या. आणि टपरीवर उधारी ठेवली असेल तर गाव सोडायच्या आधी चुकती करा.